जुनी संगणकप्रणाली : ठेवावी की बदलावी?

‘चालते आहे तोवर चालू द्यावे’ हा काटकसरीचा नियम दप्तराच्या कपाटाला लागू पडतो, संगणकाला नाही. विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. यंत्र त्यानंतरही सुरू होते, दाखले छापते; परंतु सुरक्षेतील नव्या फटी बुजविणारी दुरुस्ती त्यास आपोआप लाभत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने अशाच फटीतून शिरून जगभरातील संगणकांतील माहिती कुलूपबंद केली व खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तीवरील दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, हे विशेष! गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी अशा कुलपात अडकणे कोणत्या ग्रामपंचायतीस परवडेल?

मात्र बदल म्हणजे सरसकट नवी खरेदी नव्हे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते. त्यामुळे पुष्कळ धडधाकट यंत्रेही अपात्र ठरतात. त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविता येते. केरळच्या सरकारी शाळांत ती अनेक वर्षे रुळली आहे. सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय आवृत्तीही तयार केली आहे. प्रथम नोंदींची प्रत वेगळी काढावी. मग कार्यालयाचा प्रिंटर व अंगठ्याचे यंत्र तीवर चालते का, हे एकाच संगणकावर तपासावे.