शेतकरी संघटना आणि सातबाऱ्यावर नसलेला शेतकरी
(भाषणाचा मजकूर)



जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या संघटना आणि शासनाचे ग्रामीण धोरण हा विषय मला दिला आहे. आपल्या संस्थेच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. शेतकरी संघटना म्हणजे बागायतदारांचे काम, आपल्यातले बहुतेक लोक एकतर नोकरीत, नाहीतर दुसऱ्याच्या रानात मजुरीला, अशी आपली समजूत आहे. ही समजूत कशी तयार झाली आणि तिच्यामुळे आपले काय नुकसान होते, एवढेच मी आज सांगणार आहे.

संघटना ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. जुन्नरच्या डोंगरांत जी लेणी आहेत त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. दुसऱ्या एका लेखात वीस निवर्तने शेताचे उत्पन्न लावून देऊन करंजाची झाडे लावण्याचे काम एका श्रेणीकडे सोपवल्याची नोंद आहे. सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी लोक एकत्र येऊन व्यवहार करीत होते आणि तो दगडावर लिहून ठेवीत होते. अर्थात धान्याची ती श्रेणी व्यापाऱ्यांची होती, पिकवणाऱ्यांची नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पिकवणाऱ्याच्या वाट्याला कागद आला तो सावकाराचा. 1875 साली सुपे येथून जो उठाव सुरू झाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला, त्यात लोकांनी सावकारांच्या घरातून कर्जरोखे व खते काढून जाळली. माणसांपेक्षा त्यांचा राग कागदावर होता, कारण न वाचता उठवलेल्या अंगठ्यानेच जमीन गेली होती. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. 1880 च्या दशकात आपल्याच जुन्नर भागातील कुळांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसायचे नाकारले. त्यामागे महात्मा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे बळ होते आणि ओतूर हे त्या चळवळीचे एक ठिकाण होते. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो 1883 साली. 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तिथे ते शेतकऱ्याच्या वेषात गेले. ही गोष्ट आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. पण ज्यांनी मालकाचे रान पडीक ठेवून घरी उपास काढले असतील, त्या कुळांची आठवण कोणी काढत नाही.

बाबासाहेबांकडे पाहा. 1918 साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय या विषयावर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवर जे जास्तीचे हात पडले आहेत त्यांना उद्योगधंद्यात काम मिळाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. 1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, 1937 साली विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात कोकणातील कुळे होती, ती अनेक जातींची होती. बाबासाहेब शेतकऱ्यांचे पुढारी नव्हते असे म्हणणाऱ्याने ही तारीख पाठ करावी.

आता आपल्या शेजारच्या खेड तालुक्याकडे येऊ. चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव पडायचा आणि गाडीभाडेही सुटायचे नाही. त्या प्रश्नातून 1979 साली शरद जोशी यांची शेतकरी संघटना उभी राहिली. जानेवारी 1980 मध्ये वांद्रे ते चाकण असा 64 किलोमीटरचा मोर्चा निघाला, तो भावासाठी नव्हे तर रस्त्यासाठी होता. डोंगरातल्या गावाला रस्ता नसेल तर भाव कितीही चांगला असून माल बाजारात पोचणार कसा, हा साधा हिशेब त्यामागे होता. मग कांद्याचे आंदोलन पेटले आणि ते नाशिकला गेले. शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव, ही त्यांची एककलमी मागणी होती. भाव मिळाला की मजुरीही वाढेल, असे जोशींचे मत होते.

या मताविषयी मला माझे मत सांगितले पाहिजे. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. टोमॅटोला भाव असला की नारायणगाव भागात तोडणीची मजुरी थोडी चढते, हे मजूर बायका जाणतात. पण भाव पडला की मजुरी आधी पडते, आणि जो भावाने तरला त्याच्या बांधाशेजारी राहणाऱ्या भूमिहीनाला जमीन काही मिळत नाही. मात्र याच संघटनेने 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग आपणहून बायकोच्या नावे करायचा, असा तो कार्यक्रम होता. भावाच्या आंदोलनाला सातबाऱ्यापर्यंत यावे लागले, ही मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते.

भावाचे धोरण शेतकऱ्याशी कसे वागते ते गेल्या काही वर्षांत आपण पाहिले. जुलै 2023 मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे वीस किलोचे क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेले, तेव्हा दिल्लीने नेपाळहून टोमॅटो आणवला आणि शहरात स्वस्तात विकला. हेच टोमॅटो दोन वर्षांपूर्वी रस्त्याकडेला ओतले जात होते, तेव्हा कोणी धावले नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क आले आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच झाली. त्या महिनाअखेरीस शिवनेरीच्या पायथ्यापासून पुण्यापर्यंत शेतकऱ्यांचा आक्रोश मोर्चा गेला. तो एका पक्षाच्या पुढाकाराने होता, हे खरे. पण चालणाऱ्यांचा कांदा खराच सडत होता. मे 2024 मध्ये, लोकसभेची निवडणूक चालू असताना, ती बंदी उठली.

मित्रहो, हे सगळे ज्याच्याजवळ विकायला माल आहे त्याचे झाले. आता आपल्या दोन तालुक्यांच्या पश्चिमेला चला. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाच्या अंगाला भात आणि नाचणी पिकते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात. कोवळा असतानाच वाळवलेला बाळहिरडा औषधाला जातो आणि त्यावर घरचा वर्षाचा मीठमिरचीचा खर्च निघतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि झाडेच्या झाडे उन्मळून पडली. भरपाई मागायला गेले तर अडचण अशी, की हिरडा हे ना पेरलेले पीक, ना लावलेली फळबाग. ज्या यादीवरून भरपाई ठरते त्या यादीत त्याला जागाच नव्हती. आमराई पडली असती तर पैसे मिळाले असते. अखिल भारतीय किसान सभेने हा प्रश्न हाती घेतला, मोर्चे काढले, उपोषणे केली आणि जुन्नर, घोडेगाव, पुणे, मुंबई अशी कार्यालये झिजवली.

या लढ्यापासून आपण काय घ्यायचे? त्यांनी नुसते ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे म्हटले नाही. पंचनामे व्हावेत, हिरड्याला वेगळी बाब म्हणून भरपाई मिळावी आणि आदिवासी विकास महामंडळाने हिरडा खरेदी करावा, अशा ज्यांना शासनाला लेखी उत्तर द्यावे लागते त्या मागण्या त्यांनी केल्या. घोषणेला उत्तर लागत नाही, अर्जाला लागते. याच भागात डिंभे धरण झाले आणि जुने आंबेगाव गाव, ज्याचे नाव तालुक्याला आहे, तेच पाण्याखाली गेले. धरणाचे पाणी पूर्वेच्या उसाला आणि बागायतीला मिळाले. विस्थापित आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साहाय्याने जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली, आणि या कामाला 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ज्यांची जमीन बुडाली त्यांनी त्या पाण्यावरचा हक्क मागितला, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

आता आपल्या वस्तीकडे येतो. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यात हाडकी-हाडोळ्याची वतनी जमीन होती. वतन म्हणजे मान नव्हे, गावकीची वेठ होती, म्हणून बाबासाहेबांनी 1928 पासून विधिमंडळात त्या वतनाविरुद्ध लढा दिला. 1958 च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने वतन गेले आणि ठरलेली रक्कम भरल्यावर जमीन पुन्हा आपल्या नावे व्हायची होती. पुष्कळांनी ती भरली. पुष्कळांना असे काही भरायचे असते हेच माहीत नव्हते. आज अशा सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असते, खाली वारसनोंद नसते, आणि रान प्रत्यक्षात दुसराच कोणी वर्षानुवर्षे कसत असतो. ही जमीन नव्या शर्तीची असल्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरीही साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेल्या जमिनी किती असतील, हे आपापल्या भावकीत विचारा.

दुसरा प्रश्न गायरानाचा. कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली, पण ज्याच्याजवळ कसायलाही काही नव्हते त्याचे काय, म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्या चळवळीच्या रेट्यातूनच पुढे 28 नोव्हेंबर 1991 चा शासननिर्णय आला आणि 14 एप्रिल 1990 पूर्वीची अनुसूचित जाती-जमातींची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे काढावीत असे सांगितले, पण भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवादही त्याच निकालात आहे. नोटीस आली की घाबरून रान सोडणारे लोक आहेत. त्यांनी निकालाचा पहिला अर्धा भाग ऐकलेला असतो. 1990 पूर्वीचा पुरावा, म्हणजे दंडाची पावती, पीकपाहणीची नोंद, ज्याच्या घरी असेल त्याने ती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवावी. वनजमिनीचे म्हणाल तर 2006 च्या वनहक्क कायद्यात बौद्ध कुटुंबही दावा करू शकते. मात्र आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही त्यात पुरावा धरतात, आणि असे वडीलधारे आता फार उरले नाहीत.

सांगायचा मुद्दा हा, की शासनाच्या दप्तरात शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव. पीककर्ज, विमा, अनुदान, सारे तेथून सुरू होते. दादासाहेब गायकवाडांच्या नावाची सबलीकरण योजना 2004 पासून आहे. तीत भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद झाली, आणि 2018 मध्ये तिची अर्धी कर्जाची अट काढून ती पूर्ण अनुदानाची केली. कागदावर योजना उत्तम आहे. पण ती शासकीय दराने जमीन विकत घेऊन द्यायची, आणि जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात त्या दराला जमीन विकतो कोण? येथे संघटनेचे काम आहे. दर बदलून मागणे, हे एकट्या अर्जदाराच्या हातचे नाही. तसेच 2017 पासून बाबासाहेबांच्या नावाची कृषी स्वावलंबन योजना आहे, तीत विहिरीला अनुदान आहे, पण नव्या विहिरीसाठी किमान एक एकर, म्हणजे 0.40 हेक्टर जमीन नावावर लागते. भावाभावांत वाटण्या होऊन ज्याच्याकडे पंचवीस गुंठे राहिले तो बाहेर.

बाजार समितीचेही तसेच. जुन्नर आणि मंचरच्या बाजार समित्यांच्या निवडणुकीत केवढा खर्च आणि केवढी चुरस असते ते आपण पाहतो. शेतकऱ्यांच्या पंधरा जागांपैकी अकरा सोसायटी मतदारसंघातून आणि चार ग्रामपंचायत मतदारसंघातून येतात. त्या चारांत एक जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असते. म्हणजे आपला ग्रामपंचायत सदस्य हा तेथला मतदार असतो. तो मत कोणाला देतो, आणि निवडून गेलेला आपला माणूस वजन, हमाली, पट्टीतली कपात यांविषयी एकदा तरी तोंड उघडतो का, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. 2016 पासून फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. तरी पट्टीवर दुसऱ्या कुठल्या नावाने काही कापले जाते काय, ते वाचणारा घरात कोणी असेल तरच कळते.

म्हणून विद्यार्थी मित्रांना माझी विनंती आहे. तुम्ही मोर्चात या, जरूर या. पण त्याआधी आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराचा सातबारा आणि आठ-अ वाचा. जुन्या फेरफारांच्या नकला तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून अर्ज करून मिळतात. वारसनोंद राहिली असेल तर अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या. आईचे, बहिणीचे नाव वारसांत आहे का ते पाहा, आणि ‘हक्कसोड’ लिहून घेण्याची घाई करू नका. मग आदिवासी भागातल्या किसान सभेच्या मंडळींकडे आणि पूर्व भागातल्या शेतकरी संघटनेच्या मंडळींकडे ही माहिती घेऊन जा. त्यांच्या निवेदनात वनहक्क असतो, कर्जमाफी असते, दिवसा थ्री-फेज वीज असते. बिबट्याच्या भीतीने रात्री उसाला पाणी धरणारा बहुधा मजूरच असतो, तेव्हा ही वीज आपलीही मागणी आहे. त्यात वतनी जमिनीच्या नोंदी आणि गायरानाचे पट्टे ही दोन कलमे घालायला सांगा. कदाचित ते पहिल्या बैठकीत घालणार नाहीत. गावगाड्यातले जुने हिशेब एका बैठकीत मिटत नाहीत, आणि ज्याच्या ताब्यात आपले हाडोळे आहे तोही त्याच बैठकीला बसलेला असेल. तेव्हा दुसऱ्या बैठकीलाही जायचे, आणि जाताना फेरफाराची नक्कल बरोबर न्यायची.

वेळ झाला आहे. सभा संपल्यावर मंडपाच्या डाव्या बाजूला टेबल मांडले आहे. ज्यांनी सातबारा आणला असेल त्यांनी तो तेथे दाखवावा. वारसनोंदीच्या अर्जाचा नमुना तेथेच मिळेल. जय भीम.