मान्युएल द फाया

स्पॅनिश संगीत म्हणून युरोपने ज्याला डोक्यावर घेतले, त्यातले पुष्कळसे परक्यांनी लिहिलेले होते. ‘कार्मेन’चा कर्ता बिझे फ्रेंच, तर स्पॅनिश धुनांवर वाद्यवृंदासाठी रचना करणारा रिम्स्की-कोर्साकॉव्ह रशियन. स्पेनला स्वतःचा स्वर मिळवून देणाऱ्या मोजक्या संगीतकारांत मान्युएल द फाया याचे स्थान फार वरचे आहे.

फायाचा जन्म 1876 साली काडिझ या बंदरात झाला. माद्रिदमध्ये त्याला फेलिपे पेद्रेल हा गुरू लाभला. लोकगीत हाच राष्ट्राच्या संगीताचा पाया, असे पेद्रेल शिकवीत असे. 1905 साली फायाच्या ‘ला व्हिदा ब्रेव्हे’ या संगीतिकेला तेथील कला अकादमीचे पारितोषिक मिळाले. परंतु ती रंगभूमीवर यावयास 1913 साल उजाडले, आणि तेही फ्रान्समधील नीस येथे! तोवर तो पॅरिसला येऊन राहिला होता. तेथे दब्यूसीची ‘ग्रानाडातील सायंकाळ’ ही पियानोची रचना त्याला फार मोलाची वाटली. दब्यूसीने ग्रानाडा पाहिलेही नव्हते, एकही लोकधून उसनी घेतली नव्हती. तरी सारा आन्दालुसिया प्रांत तीत उतरला होता. लोकगीताची चाल उचलण्यापेक्षा त्याचा आत्मा ओळखावा, ही फायाची निष्ठा येथे पक्की झाली.

महायुद्धामुळे 1914 मध्ये तो स्वदेशी परतला, आणि पुढील पाच वर्षांत कीर्ती त्याच्याकडे चालत आली. ‘एल आमोर ब्रूहो’ या 1915 च्या नृत्यनाट्यातील अग्निनृत्य जगभर गाजले. 1919 साली लंडनमध्ये ‘तीन टोकांची टोपी’ हे नृत्यनाट्य दियागिलेव्हच्या मंडळीने सादर केले. त्याचे पडदे व वेष पिकासोने रंगविले होते. याच वाटेने जाऊन सुखाने कीर्ती भोगणे त्याला कठीण नव्हते. पण तो ग्रानाडात, आल्हाम्ब्राच्या टेकडीवरील एका लहान घरात जाऊन राहिला.

येथे त्याने कान्ते होन्दो, म्हणजे गहन गान, या आन्दालुसियन गायकीचा कैवार घेतला. कॉफीगृहांतील रंजनामुळे ती भ्रष्ट होत चालली होती. जून 1922 मध्ये आल्हाम्ब्राच्या प्रांगणात फाया, तरुण कवी लोर्का आणि त्यांचे स्नेही यांनी तिची स्पर्धा भरविली. व्यावसायिक गायकांना तीत मज्जाव होता. बक्षिसे मिळविणाऱ्यांत एक वृद्ध गायक होता आणि बारा वर्षांचा एक मुलगाही. त्या निमित्ताने लिहिलेल्या पुस्तिकेत फायाने या गायकीचे नाते थेट भारताशी जोडले. जिप्सी लोक मूळचे भारतातले, हे भाषाशास्त्राने सिद्ध केलेच आहे. अर्धस्वराहूनही सूक्ष्म अंतरे, सहा स्वरांच्या आत रमणारी चाल, एकाच स्वरावर पुनःपुन्हा येऊन त्याच्या वरच्या-खालच्या स्वरांनी त्याला दिलेला स्पर्श, ही लक्षणे त्याने नोंदविली. श्रुती आणि कणस्वर यांना सरावलेल्या कानाला ती मुळीच परकी वाटणार नाहीत. मात्र बायझन्टाइन धर्मगीते व अरबांचे संगीत हेही त्याच गायकीचे प्रवाह आहेत, हे सांगावयास फाया विसरला नाही.

यानंतर त्याचे लेखन विरळ आणि कठोर होत गेले. 1926 साली पुऱ्या झालेल्या हार्प्सिकॉर्डच्या कन्चेर्तोत अवघी पाच वाद्ये साथीला आहेत, आणि तो जेमतेम पाव तासाचा आहे. अग्निनृत्यावर लुब्ध झालेल्या श्रोत्याला तो रूक्ष वाटेल. पण फायाचे खरे सामर्थ्य तेथेच आहे.

1936 च्या ऑगस्टमध्ये लोर्काला पकडल्याचे कळताच हा भित्रा, आजारी, देवभोळा मनुष्य त्याच्या सुटकेसाठी अधिकाऱ्यांच्या दारी गेला. फार उशीर झाला होता. 1939 मध्ये तो आर्जेन्टिनाला निघून गेला. फ्रँकोच्या सरकारने निवृत्तिवेतन देऊ केले, तरी परतला नाही. बरोबर ‘आत्लान्तिदा’ची हस्तलिखिते होती. समुद्रात बुडालेल्या खंडाची आणि कोलंबसाच्या स्वप्नाची ही प्रचंड गायनरचना तो 1927 पासून लिहीत होता. लिहावे, खोडावे, पुन्हा लिहावे, असे चालले होते. सत्तरावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, 14 नोव्हेंबर 1946 रोजी, आल्ता ग्रासिया येथे त्याला मृत्यू आला. त्याचा देह महासागर ओलांडून काडिझच्या कॅथेड्रलमध्ये परत आला. ‘आत्लान्तिदा’ मात्र अपूर्णच होती; ती त्याचा शिष्य एर्नेस्तो हाल्फ्तर याने पुढे अनेक वर्षे खपून पुरी केली.