घरच्या संगणकावर ध्वनीचे वर्तुळ



दिल्लीच्या लाल किल्ल्यात १९६५ साली 'ध्वनी आणि प्रकाश' हा कार्यक्रम सुरू झाला. प्रेक्षक एका जागी बसलेले, आणि इतिहास आवाजाने आणि प्रकाशाने त्यांच्यासमोर उभा राही. १९७५ च्या 'शोले'च्या ७० मिलिमीटर प्रतीला सहा ध्वनिपथ होते. त्या काळी मोठ्या ध्वनिशाळेतच होणारे असे काम आज घरच्या संगणकावर करता येते.

मांडणी सोपी आहे. ऐकणाऱ्याच्या अगदी समोर एक ध्वनिवर्धक, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंस ३० अंशांवर एकेक, किंचित मागे ११० अंशांवर आणखी दोन. सहावा केवळ खर्जासाठी. कोणता आवाज कोणत्या दिशेने किती जोराने यावा, एवढेच आपण ठरवावयाचे.

काही वर्षांपूर्वी नोएडातील आमच्या घरी गणपतीची आरती मी तीन भ्रमणध्वनींवर मुद्रित केली : एक आईजवळ, एक झांजांजवळ, एक दाराशी. आरंभी एक टाळी वाजवली होती. पुढे तिच्यावरच तिन्ही मुद्रणे जुळवली. प्रथम उत्साहाच्या भरात सारे आवाज चहूकडून सारख्याच जोराने सोडले. आईचा स्वर त्यात बुडून गेला. मग झांजा बाजूंना नेल्या, दाराशी उभ्या मंडळींचा आवाज मागे मंद ठेवला आणि समोरची जागा एकट्या आईला दिली.

आई आता नाही. पण कोणाला समोर ठेवावे आणि कोणाला मागे, हे कोणतेही यंत्र ठरवून देत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.