पदवीच्या वर्गातील वनस्पतिसंशोधन
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)



बारावीनंतर एखादी मुलगी वनस्पतिशास्त्र घ्यायचे ठरवते तेव्हा घरात बहुधा एकच प्रश्न निघतो : ‘पुढे काय?’ प्रश्न रास्त आहे. मात्र त्याच्या उत्तरासाठी नोकऱ्यांच्या याद्या चाळल्या जातात आणि पदवीची तीन-चार वर्षे ती कशी घालवणार, ही चौकशी राहून जाते. एखाद्या झाडाविषयी तिला स्वतःचा प्रश्न विचारता येईल का, आणि त्याचे उत्तर शोधताना कोणी तिच्या पाठीशी उभे राहील का, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा जाहीर केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता येतो. त्यातील प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु संशोधनाच्या दारावर गुणांचा पहारा असावा, हे पटत नाही. पाठ केलेली आकृती उत्तरपत्रिकेत हुबेहूब काढणारा विद्यार्थी आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या आकृतीशी न जुळणारे काही दिसले म्हणून थबकणारा विद्यार्थी, हे नेहमी एकच असतात असे नाही. शिवाय चौथे वर्ष फार उशिरा उजाडते.

अलाहाबादच्या युइंग ख्रिश्चन कॉलेजात १९२०च्या दशकात विनफिल्ड डजन हे अमेरिकन मिशनरी प्राध्यापक वनस्पतिशास्त्र शिकवीत. १९२० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन बोटॅनिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष. जयपूरहून आलेले पंचानन माहेश्वरी त्यांच्या हाताखाली घडले. शिक्षण संपल्यावर शिष्याने गुरुदक्षिणेची गोष्ट काढली. तेव्हा, जे आपण तुझ्यासाठी केले ते तू आपल्या विद्यार्थ्यांसाठी कर, एवढेच डजन यांनी मागितले, असे सांगितले जाते. माहेश्वरींनी ती मागणी आयुष्यभर पुरी केली. १९४९ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात विभागप्रमुख म्हणून आले, आणि सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील त्यांचा १९५०चा ग्रंथ जगभर अभ्यासला गेला.

त्यांच्याच विभागात १९६४ मध्ये शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याचे परागकोश काचेच्या नळीत पोषक माध्यमावर वाढवले. पाहायचे होते पेशीविभाजन. उगवले ते चक्क भ्रूण! हे भ्रूण परागकणांपासून झाले आहेत आणि त्यांत गुणसूत्रांचा एकच संच आहे, हे पुढे सिद्ध झाले. अशा रोपातील संच दुप्पट केला की शुद्ध वाण एका पिढीत हाती येतो. एरवी त्यासाठी स्वपरागणाच्या अनेक पिढ्या खर्ची पडतात. हे काम पदवीच्या विद्यार्थ्यांचे नव्हते, हे खरे. तरी धोत्रा उकिरड्यावरही उगवतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक नाव जवळचे वाटेल. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना पश्चिम घाटातील नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. वनस्पतिशास्त्रज्ञाला प्राणी सापडावा, यात गंमत आहे खरी. पण नदीत उतरणाऱ्यालाच ती अनुभवता येते. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक होते, आणि पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचे संस्थापक-संचालक झाले.

आता साध्या महाविद्यालयातील साधा प्रकल्प पाहू. विद्यार्थ्याला वाटते की, रहदारीच्या रस्त्यावरील झाडाच्या पानांत पर्णरंध्रे कमी असावीत. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळल्यावर चिकटपट्टीने तो उचलायचा, काचपट्टीवर लावून रंध्रे मोजायची. खर्च नगण्य. विद्यार्थी रस्त्यावरची दहा पाने आणतो, बागेतली दहा आणतो, सरासरी काढतो आणि फरक दाखवतो. इथे बहुतेक अहवाल संपतात. वस्तुतः काम इथे सुरू होते. बागेतले झाड सावलीत होते काय? उन्हातल्या आणि सावलीतल्या पानांत रंध्रांची दाटी मुळातच निराळी असते. पाने सारख्या उंचीवरची, सारख्या वयाची होती काय? एकाच झाडाची दहा पाने म्हणजे दहा झाडे नव्हेत, हे त्याला कोणी सांगितले काय? आणि नमुना कण्हेरीचा घेतला असेल, तर तिची रंध्रे खोल खळग्यांत दडलेली असल्याने नेलपॉलिशचा ठसा फसतो. हे प्रश्न विचारणारा शिक्षक शेजारी बसला, तर विद्यार्थी पुन्हा पाने आणायला जातो. कदाचित दुसऱ्या खेपेस फरक नाहीसाच होतो. तोही निष्कर्षच, आणि तो तसाच लिहिण्याची मुभा विद्यार्थ्याला असली पाहिजे. छापील अपेक्षेशी जुळावेत म्हणून आकडे ‘सुधारण्याची’ सवय प्रयोगवहीतच लागते आणि मग सुटत नाही.

यासाठी लागतो तो शिक्षकाचा वेळ. पंचवीस विद्यार्थ्यांचे पंचवीस प्रकल्प एकाच प्राध्यापकाच्या गळ्यात बांधले, तर गेल्या वर्षीच्या अहवालांचे मुखपृष्ठ तेवढे बदलते.

दुसरी अडचण पंचांगाची. तेरडा पावसाळ्यात फुलतो, पळस उन्हाळ्याच्या तोंडाशी. झाडे सत्रपरीक्षांचे वेळापत्रक पाहत नाहीत. चार महिन्यांच्या सत्रात बसवलेला फुलोऱ्याचा अभ्यास एका हंगामाचाच राहतो, आणि एका हंगामावरून काही सांगणे धाडसाचे असते. म्हणून पहिल्या वर्षीच एकेक झाड विद्यार्थ्याच्या स्वाधीन करावे. पालवी, कळी, फूल, फळ यांच्या तारखा त्याने तीन वर्षे लिहाव्यात. तिसऱ्या वर्षी त्याच्या वहीत, कुठल्याही पुस्तकात न सापडणारी माहिती असेल.

माजी विद्यार्थी पहिल्या क्रमांकासाठी पारितोषिके ठेवतात. ती असावीत, पण त्याच रकमेत काही मुलांचा क्षेत्रभेटीचा प्रवास, हातभिंगे आणि सुटीत प्रयोगशाळा उघडी ठेवणाऱ्या साहाय्यकाचे मानधनही निघू शकते. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती देतात. तिचा अर्ज कसा लिहावा, हे त्या वाटेने गेलेल्या माजी विद्यार्थ्याइतके चांगले कोण सांगणार?

पालकांकडून अपेक्षा थोडी आहे. रविवारी मुलगी चिखलाचे बूट आणि पिशवीभर फांद्या घेऊन घरी आली, तर तिला जुनी वर्तमानपत्रे, वर ठेवायला जड पुस्तके आणि कोरडा कोपरा लागेल. पहिले काही दिवस कागद रोज बदलावा लागतो. पावसाळ्यात दिवसातून दोनदा.