पडद्यावरचे रंगरूप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. परंतु शेंगा चटणी व कडक भाकरीची मागणी नोंदविण्यासाठी आपण जे संकेतस्थळ काढले, त्याचे रंगरूप सुधारण्याचे काम आपण माझ्याकडे सोपविलेत. त्याचा हिशेब देणे माझे कर्तव्य आहे.

पहिले पान दिसायला मोठे नाजूक होते. गुलाबी पार्श्वभूमी, तीवर फिकट करडी, बारीक अक्षरे. ‘मागणी नोंदवा’ व ‘रद्द करा’ ही बटणे एकाच रंगाची, अगदी खेटून. आपल्यापैकी एका आजींनी दिवाळीची मागणी दोनदा चुकून रद्द केली आणि तिसऱ्यांदा नातवाला हाक मारली. “मला आता जमत नाही गं,” असे त्या म्हणाल्या, ते माझ्या मनाला लागले. दोष पानाचा होता, आणि कमीपणा त्यांनी स्वतःकडे घेतला.

हे सुधारणे अवघड नाही. आपल्या सोलापुरी चादरीचा माग आठवा. माग तोच, सूत तेच. जेकार्डचे पत्ते बदलले की नक्षी बदलते. येथेही तसेच आहे. पानावर काय असावे हे एका ठिकाणी लिहितात व ते कसे दिसावे हे दुसऱ्या ठिकाणी. या दुसऱ्या वहीला ‘सीएसएस’ म्हणतात. तिची कल्पना १९९४ साली मांडली गेली आणि १९९६ साली ती प्रमाण म्हणून मान्य झाली. वहीच्या आरंभी मुख्य रंगाला एक नाव द्यावे. बटण, चौकट, मथळा यांनी तो रंग त्या नावानेच मागावा. मग एक ओळ बदलली की सारे पान बदलते.

आम्ही काय केले? अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक किमान ४.५ास १ असावा, असा जागतिक संकेत आहे, तो पाळला. बटणे मोठी केली व दोहोंत अंतर सोडले. ‘रद्द करा’ला नुसती चौकट ठेवली. अक्षरांचा आकार वाचणारीच्या फोनमधील निवडीप्रमाणे वाढेल असा केला.

आपल्या देवनागरीची गरज निराळी आहे. ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. इंग्रजीप्रमाणे अक्षरे विरळ केली, तर शिरोरेषा तुटते. म्हणून ओळींतील अंतर वाढविले आणि अक्षरांतील जादा अंतर काढून टाकले.

संक्रांतीची मागणी त्या आजींनी स्वतः नोंदविली, आणि नातवाची आठवणही काढली नाही!

शेवटी एकच विनंती. पुढे नवा रंग अवश्य निवडू या; पण तो कायम करण्यापूर्वी आपल्यातील ज्येष्ठ भगिनींच्या हाती फोन देऊन पाहू या. त्यांना वाचता आले, तर ते सर्वांना वाचता येईल.