यंत्र घेण्याआधी कामगाराला विचारा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. पण उमेदीची वर्षे बॅटरी सेक्शनमध्ये काढली, म्हणून आज बॅटरी डिस्चार्ज करण्याच्या यंत्राबद्दल बोलणार आहे. हा विषय इंजिनिअरचा, युनियनचा त्यात काय संबंध, असे काहींना वाटेल. संबंध आहे. यंत्र चुकीचे आले की चार्जशीट कामगाराच्या हातात पडते.

एका डेपोत घडलेली गोष्ट सांगतो. स्वतःच्या अल्टरनेटरवर चालणाऱ्या एसी डब्याखाली 110 व्होल्टची, 1100 अँपिअर-अवरची बॅटरी असते. दोन व्होल्टचे 56 सेल. डेपोत हीटरच्या कॉइलचा लोड होता आणि सगळ्या बॅटरीला मिळून एकच व्होल्टमीटर. मीटर 107 दाखवत होता, म्हणून बॅटरी पास झाली. रात्री वाटेत एसी बंद पडला. प्रवाशांनी मेकॅनिकला घेरले आणि आठवड्याने त्यालाच चार्जशीट मिळाली. आम्ही सेल एकेक करून तपासायला लावले. एक सेल मेलेला निघाला. 55 सेल 1.95 व्होल्टवर आणि एक 0.3 वर असला, तरी बेरीज 107 च्या वरच येते. बेरजेत आजारी सेल लपतो. चार्जशीट मागे घ्यावी लागली.

म्हणून पहिली गोष्ट, प्रत्येक सेलचे व्होल्टेज पाहणारे आणि एकही सेल ठरलेल्या मर्यादेखाली गेला तर आपोआप थांबणारे यंत्र हवे.

दुसरी गोष्ट करंटची. व्होल्टेज उतरते तसा कॉइलचा करंटही उतरतो. मग सुरुवातीच्या करंटला तासांनी गुणून काढलेला हिशेब खोटा ठरतो. करंट 110 अँपिअरवर धरून ठेवणारे आणि अँपिअर-अवर स्वतः मोजणारे यंत्र घ्या.

तिसरी गोष्ट नीट ध्यानात घ्या. चार्जर किंवा रेग्युलेटर तपासायला बॅटरी निम्मी रिकामी लागते, कारण भरलेली बॅटरी करंट फारसा घेतच नाही. पण निम्मी म्हणजे किती? जुन्या बॅटरीची खरी ताकद 900 उरली असेल आणि आपण लेबल वाचून 550 काढले, तर शिल्लक 350, म्हणजे चाळीस टक्क्यांपेक्षाही कमी. आधी पूर्ण डिस्चार्ज करून खरी ताकद मोजा, पुन्हा पूर्ण भरा, मग तिच्या निम्मे काढा. 900 चे निम्मे 450. 110 अँपिअरने चार तास पाच मिनिटे. लोड चालू असताना व्होल्टेजवरून अंदाज बांधू नका.

चौथी गोष्ट आपल्या जिवाची. 110 व्होल्ट गुणिले 110 अँपिअर म्हणजे बारा किलोवॅट उष्णता. ती बंद खोलीत सोडली तर माणूस दहा तास तिथे बसणार कसा? यंत्राला पंखा हवा, जागा मोकळी हवी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. जोडणी सोडण्याआधी करंट बंद करणारा स्विच हवाच.

तेव्हा साथींनो, आपली मागणी साधी आहे. खरेदीच्या आधी आपल्याच डेपोत, आपल्याच जुन्या बॅटरीवर चाचणी घ्या. त्या वेळी सेक्शनचा कामगार हजर हवा. मीटरचे कॅलिब्रेशन ठरल्या वेळी व्हावे आणि प्रत्येक टेस्टची नोंद कामगारालाही मिळावी. ती नोंद हाच उद्या त्याचा साक्षीदार आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!