आजारी न पडलेले मूल

बालरोगतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा, अशी आपली रीत आहे. तो अहवाल तुमच्या पिशवीत छापून दिला आहे आणि अल्पोपाहाराच्या वेळी चाळण्याइतकाच त्याचा मजकूर आहे. मला बोलायचे आहे ते एका माणसाबद्दल. डॉ. महाराज किशन भान. जन्म काश्मीरचा, वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या एएफएमसीत आणि पुढे आयुष्याचा मोठा काळ दिल्लीच्या एम्समध्ये, बाळांच्या जुलाबांच्या मागे.

मी 1984 साली निवासी डॉक्टर होते. थंडी पडली की जुलाबाचा वॉर्ड भरायचा, एका खाटेवर दोन-दोन मुले. टाळू खोल गेलेली, डोळे आत ओढलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच राहायची. आई म्हणायची, "दात येताहेत हो, त्याचेच जुलाब." आम्ही हसायचो. खरे तर हसण्यासारखे काही नव्हते. सहा महिने ते दोन वर्षे हे दात येण्याचे वय आणि रोटाव्हायरसने गाठण्याचेही तेच. आईने वेळ अचूक टिपली होती, कारण तेवढे चुकले होते. आणि आमच्या केसपेपरवर तरी काय असायचे? 'ॲक्यूट गॅस्ट्रो'. विषाणूचे नाव नाहीच.

नाव नव्हते असे नाही. 1973 मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले आणि त्यांना हा विषाणू दिसला. चाकासारखा, म्हणून रोटा. नळाला स्वच्छ पाणी असलेल्या देशांतही तो मुलांना सोडत नाही. मीठ-साखर-पाण्याने जीव वाचतो, पण मूल सारखे उलटत असेल तर चमचा तरी कितीदा लावायचा? त्यामुळे लस हवीच होती.

आता भान यांची खरी कमाई. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात एम्सच्या नवजात कक्षातील काही बाळांच्या शीत रोटाव्हायरस सापडला, पण बाळांना जुलाब नव्हते. मी तिथे असते तर 'बाळ ठीक' असे लिहून पुढच्या खाटेकडे वळले असते. तुमच्यातलेही बहुतेक वळले असते, रागावू नका. भान थांबले. त्यांनी नवजात वयात असा संसर्ग झालेल्या बाळांचा पुढे पाठपुरावा केला, तेव्हा दिसले की या मुलांना नंतर रोटाचे तीव्र जुलाब कमी होतात. म्हणजे निसर्गाने लस आधीच पाजली होती. त्या विषाणूचे नाव 116ई. तपासणीत कळले की तो माणसाचाच, पण त्यात एक जनुक गाईच्या विषाणूचे आहे. देवीच्या लसीनंतर गाय पुन्हा एकदा आपल्या मदतीला आली म्हणायची!

बाळाच्या शीतून बाटलीपर्यंत यायला तीस वर्षे लागली. 1987 साली सुरू झालेल्या भारत-अमेरिका लस कार्यक्रमाचा आधार मिळाला, हैदराबादच्या भारत बायोटेकने उत्पादन अंगावर घेतले. मधेच अमेरिकेत एक रोटा लस 1999 मध्ये मागे घ्यावी लागली, कारण काही बाळांच्या आतड्यात आतडे शिरत होते. त्यानंतर प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागले. भान पुढे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. खुर्ची मिळाल्यावर जुना प्रश्न विसरणारे पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

शेवटच्या टप्प्याची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूला झाली. 6,799 बाळे. निकाल 2014 मध्ये छापून आला: पहिल्या वर्षात तीव्र रोटा-जुलाबांपासून 56 टक्के संरक्षण.

त्या छप्पन्नावर आपल्यातल्या काहींनी नाक मुरडले. श्रीमंत देशांत परदेशी लसी 85 च्या वर जातात, हे खरे. त्याच लसी आफ्रिका-आशियातल्या गरीब वस्त्यांत तपासल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांचाही आकडा निम्म्याच्या आसपास उतरला, हेही तितकेच खरे. जिथे वॉर्ड भरून वाहतो तिथे रोटाच्या निम्म्या खाटा रिकाम्या होणे म्हणजे काय, हे दोन मुले एका खाटेवर निजवलेल्या डॉक्टरला समजावून सांगावे लागत नाही. माझ्या मते तो आकडा जसा होता तसा, फुगवून न सांगता मांडला गेला, यातच त्या कामाची प्रतिष्ठा आहे.

2016 मध्ये ही लस, म्हणजे रोटाव्हॅक, सरकारी लसीकरणात आली, आधी चार राज्यांत आणि 2019 मध्ये देशभर रोटाची लस पोचू लागली. सुई नाही, रोटाव्हॅकचे पाच थेंब तोंडात, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. भान 26 जानेवारी 2020 रोजी गेले.

तरुण डॉक्टरांना एक विनंती करून थांबते. आपल्या नोंदवहीत मागची दोन पाने कोरी ठेवा. घरात सगळ्यांना झाले आणि या मुलाला झाले नाही, असे मूल दिसले की त्याचे वय, तारीख आणि घरची हकिकत तिथे लिहा. पुढच्या अधिवेशनाला येताना ती वही सोबत आणा. मला ती पाने वाचायची आहेत.